वाट वापरात नाही

२९ जून २०२५, रविवार

रोज लिहायचं म्हणे! फिजिओच्या मॅडमची आज्ञा. बोटांना व्यायाम होतो आणि डोकंही ठिकाणावर येतं, असं त्यांचं म्हणणं. लेक मृण्मयी पुण्याहून मला बघायला आली तेव्हा ही वही आणली. मुखपृष्ठावर सूर्यफूल. सत्तेचाळीस वर्षांचा हायवे इंजिनिअर सूर्यफुलाच्या वहीत मन मोकळं करतोय. असो.

तर. तीन जून, मंगळवार, सकाळी सव्वासहा. लासूर स्टेशनच्या अलीकडे, नव्या बायपासवर, पांढरओहोळाजवळ. वैजापूरच्या साइटवर निघालो होतो, गाडीत एकटाच. मेंढरांचा कळप आडवा आला. गाडी कळपात घुसली, उलटली आणि खाली ओहोळात पडली. डावा पाय मांडीत आणि नडगीत मोडला. प्लीहा काढावी लागली. चार बरगड्या. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आलो, आणि परवा घरी.

हे सगळं लोकांनी सांगितलेलं. माझ्या स्वतःच्या डोक्यात पाचचा चहा आहे, 'डबा विसरू नकोस' म्हणणारी वैदेही आहे, आणि मग एकदम ओल्या लोकरीचा वास. मधलं साफ पुसलेलं. डॉक्टर म्हणतात, येईल आठवण. कदाचित नाही येणार.

आईनं काल दृष्ट काढली. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणतो, श्रीरंगराव, पुनर्जन्म झाला तुमचा! शेजारचे काका तर म्हणाले, देवानं काहीतरी कामासाठी ठेवलंय तुला. कोणत्या कामासाठी ते विचारलं तर चहा पिऊन गेले. मला बाथरूमपर्यंत जाता येत नाही. देवाला माणूस निवडायची अक्कल नाही.


३० जून, सोमवार

पाय दुखतो. बाकी काही नाही.


२ जुलै, बुधवार

गॅलरीत एक घोंगडी वाळत घातलेली दिसली. काळी, जाड, कडेला लाल दोरा. आपल्या घरातली नाही. वैदेहीला विचारलं. म्हणाली, तुला आणलं तेव्हा तुझ्या अंगावर होती. हॉस्पिटलवाल्यांनी कपड्यांच्या पिशवीत भरून दिली. ती दोनदा भिजवून झाली तरी वास जात नाही, आता मोलकरणीला देऊन टाकते म्हणाली.

मी म्हटलं, आण इकडे. नाकाशी धरली. तोच वास! म्हणजे शुद्ध हरपायच्या आधी का नंतर, केव्हातरी मी हा वास घेतलाय. कुणीतरी मला गाडीतून बाहेर ओढलं आणि अंगावर ही टाकली. कोण ते घरात कुणालाच माहीत नाही. चार आठवड्यांत कुणी विचारलंसुद्धा नाही. मीही नाही.

घोंगडी कुणाला द्यायची नाही असं सांगितलं. वैदेही बघतच राहिली.


५ जुलै, शनिवार

हवालदार आले. जबाब टाइप करूनच आणला होता. 'मेंढरं अचानक आडवी आली, ब्रेक मारूनही गाडी थांबली नाही.' खाली माझ्या सहीची रेघ. मी म्हटलं, मला काहीच आठवत नाही हो. ते हसले. म्हणाले, साहेब, आठवायचंय काय त्यात? मेंढरं रस्त्यावर होती, गाडी मेंढरांत होती. गणित सोपंय.

मेंढपाळाचं नाव केरबा. लासूरकडच्या वस्तीवरचा. निष्काळजीपणे जनावरं रस्त्यावर आणल्याचा गुन्हा त्याच्यावर आहे. मी सही केली की कागद पुढं सरकणार. बावीस मेंढरं मेली त्याची, हेही हवालदारांनीच जाता जाता सांगितलं.

बोटांत पेन धरवत नाही म्हणालो. साफ खोटं. रोज इथं खरडतोय की! सही का केली नाही ते मलाच कळलं नाही. सद्गुणबिद्गुण काही नाही. आपण न पाहिलेल्या गोष्टीवर सही करायची नाही, ही वीस वर्षांची सवय.

संध्याकाळी नानासाहेबांचा फोन. आमच्या कन्सल्टन्सीचे मालक, मला हाताला धरून ह्या धंद्यात आणणारे. म्हणाले, सही टाक रे बाबा आणि मोकळा हो. तुझा काय दोष?


८ जुलै, मंगळवार

वॉकर घेऊन अकरा पावलं. आईनं टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. रागानं.


१२ जुलै, शनिवार

आज तो आला. केरबा.

बेल वाजली. आईनं दार उघडलं तर साठी-पासष्टीचा माणूस, पटका, धोतर, हातात काठी. साहेब हाईत का? बजाजनगरला त्याचा कुणी भाचा आहे, त्याच्याकडून पत्ता काढत काढत आमच्या ज्योतीनगरपर्यंत आला. खुर्चीवर बसला नाही. दाराशीच फरशीवर बसला, म्हणाला, बरं हाय इथंच. आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "जित्ते हात का नाय, तेवढं बघाय आलतो."

मला ओढून काढणारा हाच. ज्याच्यावर गुन्हा आहे तो हाच! दरवाजा काठीनं उचकटला, मला खांद्यावर घेऊन ओहोळाच्या वर आणलं, अंगावर घोंगडी टाकली. त्याची बायको सखूबाई कळपाच्या मागं होती. उलटताना गाडीचा फटका तिला बसला. खुब्याचं हाड मोडलं. ती घाटीत, सरकारी दवाखान्यात आहे, अजून. त्याच सकाळी त्यानं आधी मला वर आणलं, मग तिच्याकडे गेला. का, असं मी विचारलं. ती वरडत व्हती, म्हणाला, तुमी वरडत नव्हता.

वैदेही आत जाऊन घोंगडी घेऊन आली. नीट घडी घालून. त्यानं हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "राहू द्या, बाई. आमचा बाप म्हणायचा, ज्याच्या अंगावर आपली घोंगडी टाकली तो आपला. मग घोंगडी बी माघारी मागायची नाय, अन् त्याच्यावर बोट बी दाखवायचं नाय."

इथं गप्प बसायला हवं होतं मी. पण माझा स्वभाव! विचारलंच, अहो, पण हायवेवर मेंढरं आणलीच कशाला? एवढा वेगाचा रस्ता तो. केरबा चिडला नाही. चहाची बशी खाली ठेवली.

"आमी कुठं रस्त्यावर आणली साहेब? रस्ताच आमच्या वाटंवर आणला."

म्हणाला, पांढरओहोळाची वाट त्याच्या आज्याच्याही आधीपासूनची. दिवाळी झाली की कार्तिकात गंगेकाठी (गोदावरीला ते गंगाच म्हणतात) उतरायचं, ज्येष्ठात मृगाआधी माघारी यायचं. त्या वाटेनं वर्षातून दोनच वेळा जायचं. मधल्या काळात? मी विचारलं. मधी तिथं काय हाय साहेब, म्हणाला, माघात तर काळं कुत्रं बी दिसायचं नाय.

माघात. मी कप न पिताच खाली ठेवला. वैदेहीला वाटलं अशक्तपणा. केरबा निघून गेला तरी मी तसाच.

उद्या लिहीन. आज नाही.


१३ जुलै, रविवार

लॅपटॉप मांडीवर घेतला आणि जुनी फाइल उघडली. तीन वर्षांपूर्वीची.

त्या बायपासचा सर्व्हे माझा आहे. आख्खा रस्ता माझा! आमच्या ऑफिसात पांढरओहोळाला पांढरओहोळ कुणी म्हणत नाही. 'अठरा चारशे' म्हणतात, किलोमीटर अठरा आणि वर चारशे मीटर. तिथं जुनी पशुवाट नकाशावर होती. जनावरांसाठी रस्त्याखालून अंडरपास ठेवायचा की नाही, ते मी ठरवायचं होतं. बाभळीवर कॅमेरा लावून तीन दिवस मोजणी केली. चौदा, पंधरा, सोळा फेब्रुवारी. आईचं त्या वर्षीचं पंचांग मागवून बघितलं. माघ. पौर्णिमेपर्यंतचे तीन दिवस.

जनावरं : शून्य.

साइटची डायरीही सापडली. माझंच अक्षर. तिथं हरभरा उपटणारी एक बाई भेटली होती, कडूबाई नावाची. मी विचारलं, ही मेंढरांची वाट ना? ती म्हणाली, व्हय. मी विचारलं, जातात का मेंढरं? ती म्हणाली, "आता नाय जात."

आणि मी लिहिलं, स्थानिकांच्या सांगण्यानुसार आता वापर नाही.

बाई 'आता' म्हणाली ती माघातल्या आतापुरतं! सध्या नाहीत, गंगेकडे गेलीत, येतील. मला ऐकू आलं, हल्ली नाही, बंद झालं, इतिहास. एक प्रश्न जास्तीचा विचारला असता, मग कधी जातात मावशी, तर तिनं सांगितलं असतं. घाई होती. लासूरला जेवायचं होतं.

रिपोर्टमध्ये शेवटचा रिमार्क : 'पारंपरिक पशुवाट — वाट वापरात नाही. अंडरपास आवश्यक नाही.' खाली सही. ठसठशीत, वळणदार. दहावीत अक्षराचं बक्षीस होतं मला.


१६ जुलै, बुधवार

नानासाहेब भेटायला आले. सफरचंदं, ड्रॅगन फ्रूट. त्यांना फाइल दाखवली. चष्मा लावून पूर्ण वाचली, मग लॅपटॉप स्वतःच बंद केला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, तीन दिवसांच्या मोजणीचा नियम आहे, तू तीन दिवस मोजलंस. नियमात बसतं. आता हे उकरून काढलंस तर तुझा परवाना जाईल, माझी कंपनी काळ्या यादीत जाईल, आणि चाळीस घरं चालतात रे आपल्या ऑफिसवर. अंडरपास काही उद्या होत नाही. मग कुणाचं भलं होणार?

ते वाईट नाहीत. माझी मुंज त्यांच्याच हॉलवर लागली होती.

जाताना म्हणाले, देवानं दुसरा जन्म दिलाय, तो असा जाळू नकोस.

पुन्हा तेच! दुसरा जन्म, दुसरा जन्म. पहिल्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.


१९ जुलै, शनिवार

वैदेहीशी भांडून घाटीत गेलो. रिक्षावाल्या चाचांनी वॉकर मागं बांधला, प्रत्येक खड्ड्याआधी 'संभालके साहब' म्हणत होते. वीस मिनिटांचा रस्ता, पाऊण तास लावला बिचाऱ्यांनी.

सखूबाई खाटेवर बसलेली. बारीक अंगाची, कपाळभर कुंकू, तोंडाचा पट्टा चालू. मला बघून पदर सारखा केला आणि शेजारणीला म्हणाली, ह्योच तो गाडीवाला. मग माझा वॉकर, तिचा वॉकर, दोन्हींकडे बघून खुदकन हसली. "तुमची किती पावलं झाली?" एकतीस, म्हटलं. "माझी चाळीस!"

मला लाजल्यासारखं झालं आणि हसूही आलं. महिनाभरात पहिल्यांदा.

मग तिनं वॉकर बाजूला सरकवला. डॉक्टरांनी सांगितलंय, घरातल्या घरात चालशील, पण मैलोन् मैल नाही. येत्या कार्तिकात तिला कळपाबरोबर जाता येणार नाही. लग्न होऊन आल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. बाळंतपणंही वाटेवरच झाली तिची. आता मी एकलीच वस्तीवर राहू का, माझ्याकडे बघून म्हणाली, जसं काही मला माहीत असणार.

ती खाटेवर का आहे ते मला माहीत आहे. सांगितलं नाही. उठलो, मोसंबी ठेवली, पळालो. एकतीस पावलांनी जमेल तेवढं.


२४ जुलै, गुरुवार, दिव्याची अवस

आठवलं.

असं नको होतं आठवायला. सकाळी आई दिवे घासत बसली होती. फिजिओच्या मॅडम आल्या. मी वॉकर सोडून काठीवर चालायचा हट्ट धरला. भरभर चार पावलं टाकली. त्या समोर उभ्या होत्या, त्यांनी माझीच जादाची काठी दोन्ही हातांनी आडवी डोक्यावर धरली आणि म्हणाल्या, थांबा.

तसाच तो उभा होता! रस्त्याच्या मधोमध. काठी आडवी, दोन्ही हात वर. मागं धुळीत पांढरी-काळी पाठच पाठ. उजाडलं होतं. धुकं नाही, वळण नाही. मी अडीचशे मीटरवर होतो, वेग नव्वद. नव्वदला गाडी थांबायला दीडशे मीटर पुरतात. हा हिशेब मला झोपेतही येतो. रस्ता माझाच आहे.

मी त्याला बघितलं. हॉर्न दिला. पाय ॲक्सिलरेटरवर. ब्रेकवर गेलाच नाही. झोप नव्हती, फोन नव्हता हातात. डोक्यात एकच वाक्य होतं, स्वच्छ, छापल्यासारखं : इथं वाट नाही. इथं कुणी असूच शकत नाही. हटेल तो.

हटला नाही. मग मी चाक फिरवलं, पण फार उशिरा.

मॅडमनी मला धरून पलंगावर बसवलं. आई दिवा हातात तसाच धरून विचारत होती, काय झालं श्री, काय झालं? मी म्हटलं, चक्कर आली.


२५ जुलै, शुक्रवार

वैदेहीला सांगितलं. सगळं. माघ, कडूबाई, रिमार्क, काठी, अडीचशे मीटर.

ती शाळेतून आलेली, साडीसुद्धा बदलली नव्हती. ऐकून घेतलं. मग असा भडका उडाला की बस. बारा दिवस आयसीयूच्या दारात स्टीलच्या खुर्चीवर बसले होते मी, म्हणाली, तू वाचावास म्हणून. तुरुंगात जावास म्हणून नाही! मृण्मयीचं शेवटचं वर्ष आहे. आईंना हे कळलं तर त्यांना झेपेल? आणि आठवलंच कशाला तुला? डॉक्टर म्हणाले होते ना, कदाचित नाही आठवणार!

मी म्हटलं, मग नाही आठवलं असं समजू.

त्यावर तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मला लिहिता येणार नाही.

स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांडी आपटण्याचा आवाज. मग बाहेर आली, हात पुसत. "सही तुझी आहे, श्रीरंग. मी तुला कर म्हणणार नाही. नको असंही म्हणणार नाही. पण त्या बाईला पुन्हा मोसंबी घेऊन जाऊ नकोस. एक तर खरं घेऊन जा, नाहीतर जाऊच नकोस."

भीती वाटते. फार. मरणाची वाटली नव्हती इतकी.


३० जुलै, बुधवार

तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहिलं. अक्षर वाईट आलंय. राहू दे.


४ ऑगस्ट, सोमवार

दिला जबाब. वैदेही बरोबर आली. रजा टाकून. ठाण्याच्या पायऱ्यांवर माझा दंड धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

हवालदार लिहून घेत होते. 'मेंढपाळाने काठी वर करून थांबण्याचा इशारा केला. मी तो पाहिला. मी ब्रेक मारला नाही.' इथं त्यांनी पेन थांबवलं. साहेब, असं कुणी लिहून देत नसतं, म्हणाले, स्वतःच्या पायावर धोंडा! त्यातून तुमचा पाय आधीच मोडका. मी म्हटलं, लिहा. मग त्यांनी कपाटातून जाडसर फाइल काढली, एक पान उलटून बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुमी दोघं बी येडे हात," म्हणाले आणि फाइल मिटली.

दोघं म्हणजे मी आणि वैदेही. तिला जरा रागच आला.

अंडरपासचं पत्र वेगळं, बांधकाम खात्याला. रिमार्क चुकीचा आहे, मोजणी चुकीच्या महिन्यात झाली, जबाबदारी माझी. पोचपावती घेतली.

नानासाहेबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. अजिबात नाही.


५ ऑगस्ट, मंगळवार

नऊ वाजता बूट घालून बसलो. कुठं जायचं ते आठवेना.


१४ सप्टेंबर, रविवार

महिना-सव्वामहिना लिहिलं नाही. गुन्हा आता माझ्यावर आहे, परवान्याची चौकशी चालू आहे. केरबामामांचं नाव गुन्ह्यातून निघालं. हवालदारानं त्यांना एवढंच सांगितलं, तुझं नाव निघालं, घरी जा. कसं निघालं ते त्यांनी विचारलंच नाही म्हणे. कामून इचारू, म्हणाले, निघालं ना?

मी दर रविवारी वस्तीवर जातो. घाटीत नेणारे रिक्षावाले चाचाच लासूरपर्यंत नेतात. केरबामामा आणि सखूबाई मावशी वाटा सांगतात, मी नकाशावर काढतो. गंगापूर, पैठण, बिडकीनच्या अंगानं, थेट गंगेच्या पाण्यापर्यंत. कुठल्या महिन्यात, किती मेंढरं, कोणत्या ओढ्यात उतरतात. कुणी सांगितलेलं काम नाही. खात्यानं पत्राला उत्तर दिलेलं नाही. पण निदान पुढच्या कुणा शहाण्यानं माघात कॅमेरा लावला तर त्याच्या तोंडावर मारायला कागद हवा!

मावशी गावं सांगत नाहीत, विहिरी सांगतात. ह्या विहिरीचं पाणी मचूळ, त्या विहिरीचा मालक खट्याळ. मामा चुकले की त्यांना झापतात. काठीवर टेकून दारात उभ्या राहतात आणि हातानं हवेतच वळणं काढतात. जिथं आता जाता येणार नाही, ती सगळी वाट तोंडपाठ.

सकाळी उठावंसं वाटतं हल्ली. रविवारी तर फारच. वैदेही म्हणाली, चेहरा सुधारलाय.

आणि तरी ह्या दोघांना मी अजून सांगितलेलं नाही. पोलिसांना सांगितलं, खात्याला सांगितलं, ह्यांना नाही. भाकरी खाऊन येतो त्यांच्याकडे. ठेच्याबरोबर. वैदेही दर वेळी विचारते, सांगितलंस? मी पायातले बूट काढत बसतो.


६ नोव्हेंबर, गुरुवार

कार्तिक. कळप उतरला.

सकाळी सहालाच अठरा चारशेवर पोचलो. पांढरओहोळावर. चाचांनी रिक्षा रस्त्याच्या एका बाजूला आडवी लावली, दुसऱ्या बाजूला मी, काठी आणि मृण्मयीची लाल ओढणी. एक ट्रक थांबला, एक बस, मग चार-पाच गाड्या. एकानं काच खाली करून शिवी दिली. दिली तर दिली.

मेंढरं चढावरून वर आली. एकशे अठ्ठ्याहत्तर. मोजली मी. कॅमेऱ्यानं नाही, बोटांनी. शेवटी केरबामामा, एकटेच. मावशी मागं, बांधावर बसलेल्या. एवढ्यापर्यंत त्या चालत आल्या होत्या. पुढं नाही.

मामा माझ्याजवळ आले तेव्हा मी म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. म्हणालो, मामा, त्या दिवशी मी तुम्हाला बघितलं होतं. काठी वर केलेली बघितली होती. लांबून. थांबता आलं असतं. थांबलो नाही. आणि इथं रस्त्याखालून वाट नाही तीही माझ्याच सहीनं. मावशींच्या पायाला मी जबाबदार आहे.

ते ऐकत होते की नाही कळेना. नजर मेंढरांवर. एक कोकरू मागं राहिलं होतं, ते काखेत उचललं. तोंडानं हिर्रर केलं.

"चला," म्हणाले, "तुमच्या गाड्या खोळंबल्यात." आणि उतरून गेले. वळूनसुद्धा बघितलं नाही.

मावशींना बांधावरून उठवायला गेलो. त्या कळपाकडे बघत होत्या, धूळ खाली बसेपर्यंत. मग माझ्या खांद्यावर हात टाकला. आम्ही दोघं काठ्या टेकत वस्तीवर आलो.

माफ करायला हवं असं कुठं आहे? नाही केलं. बरोबरच आहे. वहीत नोंद केली तेवढी : वाट वापरात आहे.


१९ नोव्हेंबर, बुधवार

आता आरोपी मी, म्हणून कोर्टातून दोषारोपपत्राची नक्कल आली. त्यात सगळ्यांचे जबाब असतात. सतराव्या पानावर केरबामामांचा.

'समक्ष विचारल्यावरून सांगतो की, सदर साहेबांनी लांबूनच गाडी हळू करून ब्रेक मारला होता. मी काठी वर केली नव्हती. मेंढरे आवरली नाहीत ही माझी चूक. साहेबांविरुद्ध माझी तक्रार नाही.' खाली डाव्या अंगठ्याचा निळा ठसा.

वैदेहीनं तारखेवर बोट ठेवलं. चार जून. अपघाताचा दुसरा दिवस. मी शुद्धीवर नव्हतो. सखूबाई मावशी ऑपरेशनच्या टेबलावर होत्या. आणि केरबामामा ठाण्यात उभं राहून माझा ब्रेक मारत होते.